येशूच्या जागी राया

मेम्फिस, शनिवार, १२ ऑक्टोबर १९९६

प्रिय थिओडोशाताई,

तुला नमस्कार. तुझे गुडघे आणि डेट्रॉइटची थंडी तुला फार छळत नसतील अशी आशा करते. आपल्या बहिणीला, ओझेलाला, आज पोचवलं. अकराला उपासना, दीडला दफन, तीनला चर्चच्या तळघरात जेवण. ऊन होतं. तुझी फुलं मिळाली. (कार्डावर नाव नव्हतं, पण डेट्रॉइटहून दुसरं कोण पाठवणार?)

तू का आली नाहीस हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांनी चर्चसाठी रचलेलं ‘येशू, जाऊ नको, दार उघडं आहे’ हे गाणं ओझेलाने सहासष्ट साली ‘राया, जाऊ नको’ असं रेकॉर्डवर म्हटलं, आणि तू तिच्याशी तीस वर्षं बोलली नाहीस. तेव्हा आज मूळ गाणं मूळ शब्दांत म्हणायचं आणि ते तुला कळवायचं, असं मी ठरवलं होतं. ते जमलं नाही.

झालं असं, की पत्रिकेवर ‘प्रत्येकी दोन मिनिटे’ असं ठळक छापूनही रेडिओवरचे जुने निवेदक पंचवीस मिनिटं बोलले. ओझेलाला त्यांनीच कसं शोधून काढलं ते सांगत होते. (ओझेला म्हणायची, ‘मी हरवले कधी होते?’) शेवटी पांढरे हातमोजे घातलेली सेवेकरीण त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तेव्हा ते बसले. मग मी उठले. ऑर्गनवर आपला क्लिओथा होता. चर्चमध्ये तोच वाजवायचा, रेकॉर्डवरही तोच. त्याने डोळे मिटून सुरुवात केली ती रेकॉर्डच्या ठेक्यात. मी ओझेलाच्या मागे उभी राहून हॉटेलांत, जत्रांत तीस उन्हाळे तेच गायले आहे. तोंड उघडलं आणि शवपेटीसमोर, पाळकसाहेबांच्या पुढ्यात, मी म्हटलं, ‘राया.’

पुढच्या रांगेतल्या बायकांचे हातपंखे थांबले. मीही थांबले. तेवढ्यात एक्क्याण्णव वर्षांच्या मदर पेटिग्रू बसल्या जागेवरून म्हणाल्या, “थांबतेस कशाला गं पोरी? कुणाला हाक मारत्येस ते त्याला कळतंय.”

मग अख्खं चर्च गायलं, आणि ‘राया’च गायलं. चर्चचे कारभारी, ज्या डीकन रूफसनी रेकॉर्डनंतर तिचं नाव चर्चच्या गाणाऱ्यांतून काढलं होतं, त्यांना तिन्ही कडवी पाठ होती. (मी नंतर विचारलं, तर म्हणाले, “शेजारी फार मोठ्याने लावायचे.”)

ओझेला शेवटी शेवटी या सगळ्याबद्दल बोलायची. म्हणायची, “चर्चमध्ये गायले की माणसं रडायची, नाचघरात गायले की नाचायची. घाम मला दोन्हीकडे सारखाच यायचा.” रेकॉर्ड गाजल्यावरही दर रविवारी ती मागच्या बाकावर येऊन बसायची. कुणी गा म्हणालं नाही, ती गायली नाही. आज मात्र सगळे रडत होते आणि पाय ठेका धरत होते. ताई, तू हवी होतीस.

तुझी धाकटी,
अर्नेस्टीन

ता. क. – तिच्या थडग्याच्या दगडावर बाबांची ओळ कोरायची आहे. कारागीर शुक्रवारपर्यंत थांबेल. पहिला शब्द कोणता, ते तू सांग.

आणखी एक. सांगण्याआधी हे वाच. रेकॉर्ड करायच्या दिवशी स्टुडिओतला माणूस म्हणाला, येशू असेल तर नाचगाण्याच्या स्टेशनवर कुणी लावणार नाही. ओझेला म्हणाली, “बाबांचं गाणं आहे, मी नाही बदलणार,” आणि कोट घालून दाराशी गेली. पेन्सिल माझ्या हातात होती. येशू खोडून राया मी लिहिलं, आणि तिला हाताला धरून परत आणलं. घरी बोभाटा झाला तेव्हा ती मला म्हणाली, “तुला शाळेत मास्तरीण व्हायचंय, बदनामी तुला परवडायची नाही, मला चालेल. तू गप्प बस.” मी बसले. तीस वर्षं तू चुकीच्या बहिणीशी अबोला धरलास, आणि मी तो धरू दिला. काय बोलायचं ते आता मला बोल.

लोकांनी जेवण आणलेली भांडी अजून ओट्यावर आहेत. बुडाला चिकटपट्टीवर नावं आहेत. पाणी लागून ती निघू नयेत म्हणून आधी कागदावर उतरवून घेते, मग धुवायला घेते.