खुर्चीवाल्या बाईंची वेबसाइट

३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मला काम मिळालं. खरं तर खुशाली विचारून मग हे सांगायचं होतं, पण हाताला दम निघेना. आता विचारते, कशी आहेस, गुडघा काय म्हणतो, शिडीवर चढणं कमी केलंस का?

निकाल लागल्यापासून मी इंटरनेटवरच्या त्या बाजारात बसून होते, ते तुला ठाऊक आहेच. कुणाला वेबसाइट करून हवी असते, तो तिथे तसं लिहितो, मग माझ्यासारखे शंभर जण त्याच्या दारात जाऊन मला घ्या, मला घ्या म्हणतात. मी इतके अर्ज केले की माझं मलाच पाठ झालं होतं मी किती मेहनती आहे ते. उत्तर एकाचंही नाही. एकाने तर आधी सगळं करून दाखव, आवडलं तर बघू, असं कळवलं.

बाबा कामावरून आले की बूट काढता काढता विचारायचे, आज कुणी हाक मारली का? त्यांनी ओळखीने एका ट्रान्सपोर्ट कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकलाय. बिलं टाइप करायची. महिनाअखेर हो-नाही कळवायचंय.

आणि आज मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते तर मोबाईल वाजला. ओल्या हातांनी उघडला. हाताला चिमटे तसेच अडकवलेले आणि मी नाचतेय. आईला वाटलं, गांधीलमाशी चावली.

काम आहे चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, आजाऱ्यांचे पलंग भाड्याने देणाऱ्या दुकानाचं. गिऱ्हाईक समजूतदार दिसतंय. नमुन्याला एक पान पाठवलंय, अगदी हुबेहूब असंच करून दे म्हणतो. आजच बसते कामाला.

लोभ आहेच, वाढला तर मी नाही म्हणणार नाही.

तुझी,
खारूताई

८ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शिडीवरच होते, हे तुझ्या आईला सांगू नकोस. एका चष्मेवाल्याची पाटी रंगवत होते. खाली उतरून वाचलं, परत वर चढले आणि आनंदाच्या भरात त्याच्या दुकानाच्या नावात एक काना जास्तीचा काढला. तो पुसायला अर्धी दुपार गेली. तेव्हा अशी बातमी पुढच्या वेळी जरा जपून दे.

पोरी, फार बरं वाटलं. आपल्या घराण्यात पगाराच्या तारखेवाचून जगणारी मी एकटीच होते, आता जोडीला तू आलीस. तुझे बाबा मला लग्नापासून विचारतायत की ताई, पाट्या संपल्या की काय करणार. अजून तरी संपल्या नाहीत.

एक विचारू का? तुमच्या धंद्यातलं मला काही कळत नाही, म्हणून विचारते. दुकान त्याचं, तर त्याला दुसऱ्यासारखं हुबेहूब कशाला हवंय? माझ्याकडे एकदा एक जण आला होता. समोरच्या दातांच्या डॉक्टरांची पाटी दाखवून म्हणाला, तेच नाव, तीच अक्षरं, तोच निळा. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारलंत का? तो विचारून येतो म्हणून गेला, तो आजतागायत विचारतोच आहे.

तुझ्या माणसाचं तसं नसेलही. त्याचीच दोन दुकानं असतील. पण विचार. विचारल्याने चांगलं गिऱ्हाईक कधी तुटत नाही.

जेवत जा वेळेवर. पडद्याकडे बघत खाल्लेलं अंगी लागत नाही.

तुझी,
मावशी

१३ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी मी काम करून पाठवलं होतं. त्याने शाबासकीही दिली होती.

तरी विचारलं. तो म्हणाला, ते जुनं पान माझंच आहे, तू लवकर उरलेलं आटप. मग मी दोन्ही पानं शेजारी शेजारी लावली. नाव तेच, फोटो तेच. फोन नंबर मात्र वेगळा. आणि आगाऊ पैसे भरायचं खातं, जे मी स्वतःच्या हाताने तिथे जोडलं, तेही वेगळं. जुन्या पानावर तर पैसे भरायची सोयच नाही, दुकानात येऊन द्यायचे.

जुन्या नंबरवर फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी सगळं सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, असले फोन रोज येतात, आधी लुबाडता आणि मग मदतीला येता होय? ठेवला फोन. पुन्हा केला तर पुन्हा ठेवला. आणि मावशी, मी केलेलं पान त्याने इंटरनेटवर चढवलंय. मी रंगवलेली बटणं, मी जुळवलेली अक्षरं. कुणीतरी आपल्या आजारी माणसासाठी ते बटण दाबेल, पैसे जातील आणि खुर्ची येणारच नाही.

रडून झाल्यावर बाबांना सांगितलं. मला वाटलं, आता ट्रान्सपोर्ट कंपनीचं नाव निघणार. पण तू त्यांना ओळखतेसच, उभा जन्म विजेचे मीटर तपासण्यात गेला. चोरी म्हटलं की त्यांना चेव येतो. चष्मा पुसला, दोन्ही पानं खालपासून वरपर्यंत वाचली आणि म्हणाले, फोनवर कोण कुणावर विश्वास ठेवणार, समोर जाऊन उभं राहायचं. दुकान शेजारच्या शहरात आहे. परवा बसने जातोय. त्यांनी कधी नव्हे ती रजा टाकलीय.

माझ्यावर रागावली नाहीस ना, एवढं कळव.

तुझी,
खारूताई

१७ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

ब्रश डब्यात भिजत ठेवून लिहितेय, म्हणून थोडक्यात. रागावू कशाला? तू फसलीस, फसवलं त्याने. कळल्यावर गप्प बसली असतीस तर कान धरायला मी तिथवर आले असते.

ते पान उतरवता येतं का? पाटी असती तर मी रंगाचा डबा घेऊन निघाले असते. तुमच्यात काय करतात ते कर, पण सोडू नकोस. आणि तुझे बाबा रजा टाकून निघाले, ही बातमी मी तुझ्या आईकडून खात्री करून घेतल्यावरच खरी मानली.

काय झालं ते लगेच लिही. इथे माझ्या रेघा वाकड्या येतायत.

तुझी,
मावशी

२२ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रेघा सरळ कर. पान उतरलं.

सगळं सांगते. दुकान एका अरुंद गल्लीत, आत रबराचा वास. घडी घातलेल्या खुर्च्या भिंतीवर टांगलेल्या, कुबड्या उंचीप्रमाणे ओळीने. बाई स्वतः त्यातल्याच एका खुर्चीत बसून होत्या. मला वाटलं, त्यांना चालता येत नाही. पण त्या नुसत्या दमून बसल्या होत्या, पायाने जमीन ढकलत इकडून तिकडे जातात. म्हणाल्या, दिवसभर उभं कोण राहणार.

फोन करणारी ती मीच, असं सांगताच त्यांचा चेहरा बदलला. आदल्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ मुलीला घेऊन आले होते, हातात पैसे भरल्याची पावती. ती पावती मी तयार केलेल्या पानावरची. बाईंनी त्यांना खुर्ची तशीच देऊन टाकली आणि वर त्यांची बोलणीही खाल्ली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी म्हटलं, हे मीच केलंय, म्हणूनच आलेय. बाबांनी फक्त आपलं ओळखपत्र काउंटरवर ठेवलं, जसं मीटर बघायला गेल्यावर ठेवतात तसं. बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं आणि चहा मागवला.

मग तिथेच बसलो. मी त्या माणसाचे सगळे निरोप काढले. बाईंनी दुकानाचा परवाना आणि म्हाताऱ्यांची पावती दिली. पोलिसांत तक्रार केली आणि ज्या कंपनीच्या जागेवर ते पान ठेवलं होतं तिला कळवलं. कामाच्या बाजारालाही कळवलं. बाबा प्रत्येक वाक्य वाचून मगच पाठवू देत होते. मोघम लिहू नकोस, म्हणायचे, मोघम लिहिलं की चोर सुटतो.

पाच दिवस मी ते पान उघडून बघत होते. काल सकाळी उघडलं तर कोरं. मी ओरडले, आई धावत आली, तिला पुन्हा गांधीलमाशीच वाटली. कामाच्या बाजारातलं त्या माणसाचं खातंही बंद झालं. तो सापडेल की नाही कोण जाणे. म्हाताऱ्यांचे पैसे परत मिळवायला बाई बँकेच्या मागे लागल्यात.

आणि आता खरी बातमी. बाईंनी फोन केला. म्हणाल्या, तू चोरासाठी इतकं छान केलंस, तर माझ्यासाठी कर की. मी त्यांना आधी त्या बाजारात खातं उघडायला लावलं, म्हणजे काम माझ्या नावावर रीतसर लागेल. त्यांना अक्षरं मोठी हवीत आणि फोन नंबर सगळ्यात वर.

ट्रान्सपोर्ट कंपनीला बाबांनीच कळवलं की मुलीला सध्या वेळ नाही. हे वाक्य त्यांनी फोनवर दोनदा म्हटलं. पहिल्यांदा ऐकू गेलं होतं, मी शेजारीच होते.

तुझी,
खारूताई

१६ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वेबसाइट सुरू झाली. उद्घाटनाला मी आणि बाबा दुकानात होतो. बाई दर मिनिटाला खुर्ची ढकलत पडद्याशी यायच्या आणि आलं का कुणी विचारायच्या. दुपारी आलं. एका मुलाने आईसाठी खुर्ची मागितली होती, तिला नातवाची शाळा बघायला जायचं होतं. त्याने लगेच फोन करून दुकान खरं आहे ना, असंही विचारलं. बाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, हो, खरं आहे, मी आत्ता तिथेच उभी आहे. तो संध्याकाळी येऊन खुर्ची घेऊन गेला. तिची चाकं मी पुसून दिली.

काम संपलं की गिऱ्हाईकाने त्या बाजारात चार ओळींचा अभिप्राय लिहायचा असतो. सगळं जग तो वाचतं आणि त्यावरच पुढचं काम मिळतं. मी बाईंना सांगितलं होतं, वेळेत काम दिलं, स्वच्छ दिलं, असं काहीतरी लिहा. त्यांनी मनानेच लिहिलं. जसंच्या तसं उतरवते: मुलगी चूक झाली तर घरी येऊन सांगते. वडिलांना सोबत आणते. दोघेही प्रामाणिक आहेत.

मी कपाळाला हात लावला. आता कोण काम देणार, असं वाटलं. आज सकाळी दोन नवी गिऱ्हाइकं आली. एक सतार दुरुस्त करणारे आहेत. दुसरी एक बाई आहे, झाडांची रोपं विकते. तिने काम सांगितलं, मुदत सांगितली, आणि शेवटी विचारलंय की वडिलांचे पैसे वेगळे द्यावे लागतात का.

बाबा उत्तराचा मसुदा करतायत. मोघम लिहू नकोस म्हणाले.

असाच जीव लावत राहा.

तुझी,
खारूताई