सोफ्याच्या पोटातली सोंगटी

प्रिय दादा,

आधी दोन शब्द वहिनीला, कारण वाचून दाखवणार तीच. वहिनी, गॅसवर काही असेल तर उतरवून ठेव, चष्मा लाव आणि मधलं काही गाळू नकोस. तो 'पुरे' म्हणाला तरी वाचत राहा. गेले आठ महिने माझा फोन आला की हा अंघोळीला गेलेला असतो. एवढ्या अंघोळी करून माणूस विरघळला कसा नाही, देव जाणे! आज मात्र मला गप्प बसवतच नाहीये, म्हणून लिहायला बसले.

तर झालं असं. आमच्या कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी पेशंटना बसायला एक जुना सोफा घेतला आणि कापड बदलायला माझ्याकडे टाकला. लाकूड सागवानी, पण आतला काथ्या पार कुजलेला. स्प्रिंगा सोडवताना पाठ आणि बैठक जिथे मिळते तिथे हात घातला. तिथे नेहमी काहीतरी निघतंच. कंगवे, बटणं, एकदा तर अख्खी कवळी निघाली होती. या वेळी बोटाला टोचलं काहीतरी. बाहेर काढलं तर करंगळीच्या पेराएवढं लाकूड. काळपट, मध्ये कंबर असलेलं, खाली एक पितळी दांडी आणि वर डोक्यावर बारीक खिळ्याचं टोक, अगदी मुद्दाम गोल घासलेलं. तीस वर्षं सोफे फाडतेय मी, पण असलं काही पाहिलं नव्हतं.

तुझे मेव्हणे म्हणाले, रेडिओचं बटण. छातीठोकपणे म्हणाले, म्हणजे ते नक्कीच नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दिव्याखाली धरून, उलटंपालटं करून सांगितलं, "दात नाही, एवढं खात्रीने सांगतो." मग गेले वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे. मला वाटत होतं, कुठल्यातरी तंतुवाद्याची खुंटी असणार. त्याने भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली. खुंटी निमुळती असते, ही दांडी सरळ आहे. ही पिळायची वस्तू नाही, नुसती खोचायची आहे, म्हणाला. "आणि बाई, हे लेथवर ज्याने केलंय ना, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला." त्याच्या तोंडून हे निघालं म्हणजे बघ!

खोचायची, पण कशात? हा भुंगा डोक्यात शिरला तो काही निघेना. शेवटी डॉक्टरांना विचारून, ज्या जुन्या फर्निचरवाल्याकडून सोफा आला त्याच्या गोदामात गेले. त्याच्या टेबलावर एक जाड लाकडी फळी होती आणि तिच्या भोकांत याने ड्रिलची पाती उभी करून ठेवली होती. मी एक पातं उपसलं आणि त्या भोकात माझी वस्तू ठेवली. टक्कन बसली, दादा! जणू घरी परत आली! तो ओरडला, "अहो बाई, ते विकायचं नाही, माझ्या पात्यांचा स्टँड आहे." मी म्हटलं, भोकं मोजा. त्याने मोजली. आडवी आठ, उभी आठ. आणि भोकाभोवती चौकोन, एक खोलगट, एक उंच, एक खोलगट, एक उंच. धुळीखाली रंग दिसतच नव्हते, पण बोट फिरवलं की घर न् घर हाताला लागत होतं.

तुला कळलंच असेल. मला मात्र अजून कळलं नव्हतं. बुद्धिबळ आहे एवढं लक्षात आलं, हातात आहे ते प्यादं हेही आलं. पण ही घरं वरखाली का? आणि प्याद्याच्या डोक्यावर खिळा कशाला?

त्याने सांगितलं की सोफा आणि फळी ज्या घरातून आली, तिथल्याच किडुकमिडुकाचं एक पोतं मागे पडलंय, हवं तर बघा. पोतं माझ्या कमरेएवढं. खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चाचपत बसले. नळाच्या चकत्या, बिजागऱ्या, आणि मग एक प्यादं. अजून एक. त्याच्या डोक्यावर खिळा नव्हता. दादा, माझे डोळे पोत्याबाहेर, समोरच्या भिंतीवर. आणि तरी मला कळत होतं, हे पांढरं, हे काळं, हा उंट, हा वजीर! मी हात तसाच आत ठेवून थांबले. तो माणूस घाबरला, म्हणाला, "काही चावलं का?" ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलेला पट होता तो. हाताने चाचपला तरी मोहरा हलू नये म्हणून खाली दांडी, काळा ओळखू यावा म्हणून डोक्यावर खिळा, आणि काळी-पांढरी घरं बोटांना कळावीत म्हणून ती वरखाली.

वहिनी, इथे थांबू नकोस.

एकूण एकोणतीस मोहरे मिळाले. उरलेले तीन त्या वाद्यवाल्याने करून दिले. त्यातला घोडा डोळ्यांना बोकड दिसतो, पण बोटांना चोख घोडा लागतो. फर्निचरवाल्याला पात्यांसाठी नवा स्टँड दिलाय, मीच केला, वर गादी लावून. घराचा पत्ताही त्याने काढून दिला. तिथे आता कुणी राहत नाही. शेजारीण म्हणाली, तिथल्या आजोबांना दिसत नव्हतं आणि आजी सबंध दुपार त्यांच्याशी भांडत असायच्या, "चाल परत घ्यायची नाही" म्हणून. सत्तरीतली माणसं, आणि चाल परत घेण्यावरून भांडतात!

ते ऐकलं आणि मी तिच्या पायरीवरच बसले. कारण मी काय केलं, दादा? फेब्रुवारीत तू उंट हत्तीसारखा सरळ नेलास आणि मी काही बोलले नाही. पुढच्या डावातही तेच. तुझ्या काचबिंदूचं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून महिनाही झाला नव्हता, मला वाटलं, जिंकू दे बिचाऱ्याला. जन्मभर नकाशांवर केसाइतक्या बारीक रेघा ओढणाऱ्या माणसाला मी 'बिचारा' म्हटलं, मनातल्या मनात का होईना. मग तुला ते कळलं. तू पट मिटलास, 'मी काय लहान मूल आहे?' म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी सगळा संच कुणाला तरी देऊन टाकलास. तेव्हा मी रडले ती तुझ्यासाठी, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे पकडली गेले म्हणून रडले. चुकलं माझं. दया करायला गेले आणि एक चांगला खेळाडू घालवून बसले.

आता मुद्द्याचं. गेले तीन आठवडे मी डोळ्यांवर फडकं बांधून तुझ्या मेव्हण्यांशी खेळतेय. पहिले अकरा डाव हरले. मेव्हण्यांशी! यावरून काय ते समज. काल पहिल्यांदा जिंकले आणि कारखान्यात एकटीच नाचले. रविवारी पट घेऊन यायचा विचार आहे. मी फडकं बांधेन, तुझ्यावर उपकार म्हणून नाही, बोटांनी खेळणाऱ्यासमोर डोळ्यांनी खेळणं म्हणजे चक्क लबाडी आहे म्हणून. चुकीची चाल केलीस तर मी ओरडेन. चाल परत मिळणार नाही. हरवता आलं तर हरवेन. मी यायला नको असेल तर वहिनीला 'नको' एवढंच लिहायला सांग, मी पुन्हा विचारीन. आणि ये म्हणायचं असेल तर 'ये' लिहू नकोस, नुसती पहिली चाल कळव. पांढरे तुझे.

तुझ्या उत्तरासाठी पोस्टमनच्या वाटेत उभी असलेली,
तुझीच धाकटी