माझं घर मी वेइतुंगलाच देते

मी, मियाओ श्यूझन, वय एक्याऐंशी, कै. लू चंगआन यांची पत्नी, राहणार शीखंग गाव, वेन्झोजवळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकील श्री. फांग म्हणाले. हे लिहायला कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट, गप्प बसावे म्हणूनच जन्मभर दबाव आला. तो मी मानला नाही.

१. बटणांच्या नमुन्यांची माझी कातडी बॅग दिंग लामेई हिला द्यावी. ती बॅग घेऊन मी आणि चंगआन अठरा वर्षे हिंडलो, पार उत्तरेच्या गवताळ मुलखापर्यंत. दिवसा बटणे विकायची आणि संध्याकाळी जिथे उतरू तिथे गीते म्हणायची, येशूविषयी सांगायचे. आम्ही पाळक नव्हतो, फेरीवाले होतो. तरी चार गावांत ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. लामेई दूरच्या ग्वेइचौ प्रांतातून इथे बुटांच्या कारखान्यात कामाला आली. आमचे लोक तिला "बाहेरची" म्हणत आणि मागे बसवत. आता गावची निम्मी मुले इटलीत कपडे शिवायला गेली आहेत, आणि उरलेल्यांत तिच्याइतके निर्भीड कोणी नाही. माझ्या पश्चात उपदेश तिने करावा. ज्यांना बाईचा उपदेश चालत नाही, त्यांनी कान झाकून बसावे.

२. मंडळीचे ज्येष्ठ कारभारी, कारखानदार श्री. शियांग यांना मी काहीही देत नाही. माझ्या अंत्यविधीत त्यांनी एक शब्दही बोलू नये. चर्चवरचा क्रूस उतरवायला सरकारने मागितलेल्या संमतीपत्रावर पहिली सही त्यांची होती. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "श्यूझनताई, क्रूस मनात असला की झालं." मी म्हटले, "मग तुमच्या कारखान्याची पाटीपण मनातच ठेवा की!" पाटी अजून जागेवर आहे.

३. मृतदेह जाळावा असा नियम आहे. जाळा. राखेतून माणूस उठवणे देवाला जड नाही. थडग्यावर मात्र क्रूस कोरून त्यात लाल रंग भरावा. कोणाची परवानगी मागू नये.

४. आता माझा मुलगा लू वेइतुंग. तालुक्याच्या कचेरीत तो उपप्रमुख आहे. दोन हजार चौदाच्या जुलैत क्रेन आली, तेव्हा मी चर्चच्या गच्चीच्या जिन्यात स्टूल टाकून बसले होते. म्हातारीला हात लावायला कामगार धजेनात, म्हणून साहेबांनी त्याला वर पाठवले.

"आई, ऊठ. पाया पडतो तुझ्या."

"पड की. मी उठणार नाही."

"माझी नोकरी जाईल गं."

"तुझ्या बापाची सहा वर्षं गेली दगड फोडण्यात, ह्याच क्रूसापायी. तू तेव्हा पोटात होतास. त्यानं कधी तक्रार केली?"

तो रडला. मग मला पाठुंगळीला घेऊन तीन मजले उतरला. उतरताना मी त्याच्या कानाला चावले, रक्त येईपर्यंत. हे वाक्य गाळा असे वकील म्हणतात. गाळणार नाही. खाली त्याने मला सावलीत बसवले आणि माझ्याशेजारी उभा राहिला. क्रूस कापायला चाळीस मिनिटे लागली. तेवढा वेळ आम्ही दोघे वर बघत होतो.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. दर जूनला तो दारात यांगमेई फळांची टोपली ठेवून जातो. मी ती खाते, हेही इथे नमूद असावे.

५. पुढे चर्चलाही कुलूप लागले. आता दर रविवारी साठेक माणसे माझ्या तळमजल्यावर प्रार्थनेला जमतात. बंद करा म्हणून तीन नोटिसा आल्या. तिसरीवर सही वेइतुंगची आहे.

घर मी मंडळीला देईन असे मंडळीला वाटते. इटलीतल्या मुलीला वाटते, तिला देईन. तसे नाही. जोत्यापासून कौलापर्यंत सगळे घर मी वेइतुंगला देते. अट एकच : रविवारी दार उघडे राहील.

वकील म्हणाले, "आजी, ही अट कोर्टात टिकायची नाही."

मी म्हटले, "कोर्टासाठी नाहीच ती."

त्याला बंद करायचे असेल तर त्याने खुशाल करावे. पण कागद पाठवून नाही. घरमालक म्हणून रविवारी सकाळी उंबऱ्यात स्वतः उभे राहावे आणि येईल त्याला नावाने हाक मारून सांगावे की आत येऊ नका. त्यांतल्या कित्येकांनी, बाप तुरुंगात असताना, त्याला कडेवर खेळवले आहे. एवढे त्याला जमले, तर घर बिनशर्त त्याचे.

जमणार नाही. मी त्याला वाढवले आहे.

सही : मियाओ श्यूझन
साक्षीदार : १. फांग जिंगयुआन, वकील.
२. यांग छुन्श्यांग, शेजारीण. मी बुद्धाला मानते. श्यूझन हट्टी आहे, पण पूर्ण शुद्धीत आहे.

शीखंग, १७ नोव्हेंबर २०१९, रविवार. तळमजल्यावर गीत चालू आहे.