थोरल्या काकांचा रकाना

३ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

गुडघा कसा आहे ते खरं खरं कळवा. नुसतं ‘बरा आहे’ चालणार नाही.

आमच्या ग्रंथालयात लेखकांच्या नोंदी नव्याने करणं चाललंय. नाव, जन्मसाल, व्यवसाय, आणि आता लिंग. तो रकाना मोकळा दिसला की साहेबांच्या घशाखाली घास उतरत नाही. पुलांच्या बांधकामावर लिहिणाऱ्या एका बाईंना त्यांनी पुरुष करून टाकलं. बाई येऊन भांडल्या, तर म्हणाले, विषयावरून तसं वाटलं. दोन पदव्या आणि एवढी अक्कल.

परवा आपल्या थोरल्या काकांचं घड्याळ दुरुस्तीचं पुस्तक माझ्या टेबलावर आलं. त्याच सुमारास एक संशोधक शाळेचं जुनं रजिस्टर घेऊन हजर झाला. त्यात त्याच जन्मतारखेसमोर, आपल्याच आडनावाखाली मुलीचं नाव आहे म्हणे. साहेबांना जणू लॉटरी लागली. ‘स्त्री; पुरुष म्हणून वावर’ असं लिही, असा मला हुकूम झाला. मी रकाना कोरा ठेवला. मग त्यांनी तो स्वतःच्या हाताने भरला. आता ही नोंद कुणालाही घरबसल्या दिसते.

कुटुंबाचं लेखी म्हणणं आलं तर बघू, असं म्हणतात. खरंखोटं मी तुम्हाला विचारत नाही. काय करू, एवढंच सांगा.

लोभ आहे तसाच असू द्या.
तुमची चिमी

९ जुलै

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा बरा नाही. झालं समाधान?

तुझ्या साहेबाला माझा नमस्कार सांगू नकोस. ज्याने जन्मभर लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू केली, त्याच्याबद्दल या गृहस्थाला विचारावंसं वाटलं ते नेमकं हेच. पुस्तक उघडून तरी पाहिलं का? आणि तो संशोधक! त्याच शाळेने माझी जन्मतारीख चुकीची लिहिली आहे, तीही शोधून काढ म्हणावं.

तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगतो. मी सात वर्षांचा असेन. ताईने मला जिन्यात गाठून सांगितलं की आजपासून मला दादा म्हणायचं. मी विचारलं, मग आता तू मला मारणार का. आगाऊपणा केलास तर मारेन, असं दादाने सांगितलं. विषय संपला. पोराला जिन्यात उभ्या उभ्या समजलं ते आमच्या वडिलांना मात्र समजलं नाही. त्यांनी दादाला घराबाहेर काढलं. त्याने दुकान टाकलं, मला शिकवलं, आणि वडिलांचं नाव शेवटपर्यंत लावलं.

तुला कळलं तर काकांकडे बघायची तुझी नजर बदलेल, अशी मला धास्ती होती. म्हणून गप्प राहिलो.

साहेबासाठी वेगळा कागद जोडला आहे. त्यावर एकच ओळ: हे लेखक माझे थोरले बंधू होते. याहून जास्त शाई मी त्याच्यावर खर्च करणार नाही. पण तिथे ‘पुरुष’ही लिहू देऊ नकोस. दादाने जिवंतपणी कुणाकडे दाखला मागितला नाही. आता या माणसाच्या हातून कशाला घ्यायचा?

जपून राहा, आणि बापावर लोभ असू दे.
तुझे बाबा

२८ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमची ओळ वाचून साहेब मोठ्या उदारपणे म्हणाले, बरं, पुरुष लिहू, म्हणजे सगळेच खूश. मी ऐकलं नाही. सरळ ग्रंथालयाच्या समितीकडे अर्ज केला, आणि पुलांवर लिहिणाऱ्या त्या बाईंनीही त्यावर सही केली. माणसाने स्वतः सांगितलं नसेल तर रकाना कोरा ठेवायचा, असं ठरलं. ही कल्पना आपलीच होती, असं साहेब आता येईल त्याला सांगत असतात. माझी मात्र तळघरात, पुस्तकबांधणी विभागात रवानगी झाली आहे. इथे निदान साहेब फिरकत नाहीत.

काकांच्या नोंदीत आता नाव, जन्मसाल आणि ‘घड्याळजी’ एवढंच आहे.

बाबा, आता माझंही ऐका. मी कॉलेजात होते तेव्हा काकांनीच मला सगळं सांगितलं होतं, दुकानात, एका घड्याळाचं झाकण बसवता बसवता. आणि बजावलं होतं की तुला माहीत आहे हे बाबाला कळू देऊ नकोस, तो उगाच जिवाला लावून घेईल.

रागावू नका. लोभ ठेवा.
तुमची चिमी