कोऱ्या जागेवरचे बिल्ले

दीक्षितपुरा, जबलपूर
मंगळवार

प्रिय अनुपम,

दिवाळीत तू विसरून गेलेला नकाशा अजून बाबांच्या टेबलावरच आहे. जुनी प्रत आहे, रद्दीत दे, असं तू फोनवर म्हणालास. मी दोनदा तो गुंडाळून कपाटावर ठेवला. दोन्ही वेळा बाबांनी काढून पुन्हा पसरला, चार कोपऱ्यांवर औषधाच्या बाटल्या ठेवून. त्यांनी समुद्र कधी पाहिला नाही. पण तू आखतो आहेस त्या बंदरातल्या नव्या धक्क्यावर, जिथे जहाजांतून पेट्रोल अन् रसायनं उतरणार आहेत, ते तासभर बोट फिरवत बसतात. मला आता भानुमती म्हणतात, आत्या समजून. आई गेल्याचं त्यांना रोज नव्याने कळायचं, म्हणून मी ते सांगणंच सोडलं आहे.

ते पितळी बिल्ले आठवतात तुला? आपण त्यांची नाणी करून दुकान-दुकान खेळायचो आणि आई हातावर फटका मारून ते काढून घ्यायची. बाबा शहराबाहेरच्या त्या रसायनांच्या डेपोत सुपरवायझर होते. आत जाणारा प्रत्येक माणूस फाटकापाशी काडेपेटी जमा करायचा आणि आपल्या नंबरचा बिल्ला फळीवर टांगायचा. बाहेर पडताना तो काढून घ्यायचा. सुटी झाल्यावर फळी रिकामी दिसली की सगळे बाहेर आले. डेपो बंद पडला तेव्हा बाबा सहा बिल्ले घरी घेऊन आले. सहाच का, ते आपण कधी विचारलं नाही.

दिवाळीपासून बाबा ते सहा बिल्ले तुझ्या नकाशावर मांडतात. टाक्यांच्या पलीकडे, किनाऱ्यालगत, जिथे काहीच काढलेलं नाही, तिथे. मी उचलून ठेवले, त्यांनी परत मांडले. मी नकाशा उलटा फिरवला, तरी बिल्ले त्याच जागी. तांदळाच्या डब्यात लपवले, तर दुपारी टेबलाखाली तांदळाचे दाणे आणि बिल्ले पुन्हा तिथेच. शेवटी मी म्हटलं, बाबा, इथे तर काहीच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी पूर्वीसारखं, सगळं ओळखून.

"माणसं आत आहेत," ते म्हणाले. "बाहेर नाही आली अजून."

रविवारी रांझीहून अंबादासकाका आले होते. बाबांबरोबर डेपोत होते, तेच. येताच नेहमीसारखी थट्टा केली, काय साहेब, आता बंदर बांधून राहिले का. मग टेबलावर नजर गेली आणि ते खाली बसले. चहा तसाच राहिला. मी बाहेर सोडायला गेले तेव्हा ओसरीत त्यांनी सांगितलं. डेपोत नवी टाकी बसवायची होती, कामगारांची चहाची शेड फार जवळ येत होती. महिन्याभरात हलवूच, असं वरचे मोठे साहेब म्हणाले, म्हणून नकाशात शेड दाखवलीच नाही. जागा कोरी. खाली सही बाबांची. टाकी पेटली ती चहाच्या सुटीत. संध्याकाळी फळीवर सहा बिल्ले राहिले. "तुझ्या बापानं कोणाले मारलं नाही, बेटा," काका म्हणाले. "फक्त कागदावर जागा कोरी ठेवली."

मी घरात आले आणि मला दिवाळीतली आपली गच्ची आठवली. तू सांगत होतास, किनाऱ्यावर मासे सुकवणाऱ्या बायकांच्या झोपड्या आहेत, वीस-पंचवीस. त्या दाखवल्या तर धक्का पुढे सरकवावा लागेल, मंजुरीला वर्ष जाईल. तशाही तात्पुरत्याच आहेत, म्हणून ती जागा कोरी ठेवली. मी तुला आणखी चिवडा वाढला. मला वाटलं, केवढा हुशार माझा भाऊ. बाबा खाली होते, रेडिओ मोठ्याने लावून. शेजारी बसून ओरडलं तरी त्यांना धड ऐकू येत नाही. त्यांना ती जागा कोणी दाखवली, अनुपम? मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन पाहिली. एकही टिकत नाही.

हे फोनवर बोलले असते तर तू हसून ताई, चलो, नंतर बोलू, म्हणाला असतास. म्हणून लिहिते आहे. आज सकाळी नकाशावर सातवा बिल्ला होता. पितळी नाही, निळा. तुझा शाळेतला मॉनिटरचा. सहावीत तो हरवला म्हणून तू दोन दिवस जेवला नव्हतास. इतकी वर्षं तो कुठे होता, मला ठाऊक नाही. आणि तो कोऱ्या जागेवर नव्हता. खाली उजव्या कोपऱ्यात, तुझं नाव छापलं आहे त्या सहीच्या चौकटीवर होता. शुक्रवारी शेवटच्या प्रतीवर तू सही करणार आहेस. करू नकोस. आधी त्या झोपड्या नकाशात दाखव, एकूण एक, आणि तो नकाशा मला पाठव. मी बाबांसमोर पसरते. ते बिल्ले उचलतात का, तेवढं मला बघायचं आहे. तुझा तर नक्की उचलायला हवा.

तुझी वाट बघणारी, तुझीच
समिधाताई