खालच्या फळीवरची पांढरी वाइन

ता. ४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नोकरीला काल महिना झाला. हॉटेलातली वाइनची कोठी आता माझ्या ताब्यात आहे, म्हणजे किल्ली माझ्या गळ्यात आणि काही कमी-जास्त झालं तर तेही माझ्याच गळ्यात. तीस वर्षं तू हेच काम केलंस, म्हणून तुझ्या सूचनांचा कागद मी दारामागेच चिकटवलाय. पांढरी वाइन आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. उजेड नको, हादरे नकोत, बारा अंश म्हणजे बाराच अंश. आणि दोनदा अधोरेखित केलेलं ते: आत गेलं की दार ओढून घ्यायचं. मी घेते. दाराला जाड रबर आहे. एकदा बसलं की बाहेर कोणी बोंबललं तरी ऐकू येत नाही.

कोठी तळघरात आहे, तुझ्या स्वयंपाकघराएवढी. पांढरी वाइन सगळी खालच्या फळ्यांवर, कारण गारवा तिथे जास्त. उघडलेल्या बाटल्यांची तऱ्हा मात्र इथे वेगळी. ग्लासावर विकतात, त्यामुळे रोज सात-आठ बाटल्या अर्ध्या उरतात. तू उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच मारून फ्रिजमध्ये ठेवायचीस. इथे कोपऱ्यात एक सिलिंडर आहे. त्याची नळी बाटलीत घालून गॅस सोडायचा. तो हवेला हुसकावून लावतो, आणि वाइन आठवडाभर ताजी राहते. बूच लावताना मी प्रत्येक बाटलीला आता गप पडून राहा म्हणून दटावते. आचारीबुवांचं मत आहे की मला हवापालटाची गरज आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय. चार दिवस झाले, मला चक्कर येते. खालच्या फळीशी उकिडवी बसले की डोकं ठणकतं, धाप लागते, बाटल्यांवरची अक्षरं पोहायला लागतात. आईला कळवलेलं नाही. बाबांचं ते डोक्याचं शेवटचं दुखणंही असंच सुरू झालं होतं का? तेव्हा मी सहा वर्षांची होते, मला फक्त त्यांची खोलीच आठवते. तू त्यांच्याजवळ होतीस. खरं काय ते सांग.

तुझ्या मायेची गरज आज जरा जास्तच आहे.
तुझी
टिटवी


ता. ८ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं. उगाच भलतंसलतं डोक्यात घेऊ नकोस. दादाचं दुखणं निराळं होतं, त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही. तू सकाळी नुसत्या चहावर धावतेस, हे मला इथे बसून दिसतं. पोटात चार घास घालून जात जा.

तुझ्या त्या सिलिंडरचं मला काही कळत नाही. आमच्या वेळी असली चैन नव्हती. उघडलेली पांढरी वाइन फ्रिजमध्ये उभी ठेवायची, फ्रिजच्या दारात नाही, कारण दार उघड-मीट केलं की ती हिंदकळते. तीन दिवस, फार तर चार. मग वास घ्यायचा आणि आंबूस वाटली की आचाऱ्याला देऊन टाकायची. त्यात आमचं काही अडलं नाही.

एवढं मात्र नीट आठवून लिही. चक्कर कोठीतच येते, की घरी, जिन्यात, रस्त्यावरसुद्धा? सुट्टीच्या दिवशी येते का? आणि कधीपासून? उलट टपाली लिही. माझे कान धड असते तर फोनवरच विचारलं असतं, पण हल्ली मला फोनमध्ये नुसता भुंगा ऐकू येतो.

जपून राहा, एवढंच मागणं.
तुझी
आत्या


ता. १२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे लक्ष ठेवलं. घरी येत नाही. सुट्टीच्या दिवशी टेकडी चढून आले, काही झालं नाही. फक्त कोठीत, तेही खाली वाकले की. सप्टेंबरअखेर सिलिंडर बदलला, त्या आठवड्यापासून. मला वाटतं, बंद दाराचीच धास्ती बसलीय. माणसाचं डोकं फिरायला लागतं ते असंच का गं? कोठीत जायची वेळ झाली की जिन्यातच हातापायांना घाम फुटतो.

दार उघडं ठेवून काम करू का, म्हणून मॅनेजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, अठरा तारखेला पन्नास माणसांचं जेवण आहे, अर्ध्याहून जास्त पांढरी वाइनच लागणार, आणि कोठी तीन अंशांनी तापली तर त्या पन्नास जणांना मी काय तोंड दाखवणार?

काल तर हसावं की रडावं कळेना. दिवा गेला, म्हणून मेणबत्ती लावून खालच्या फळीपाशी जमिनीवर ठेवली, तर कोणी चिमटीत धरावी तशी विझली. तीनदा लावली, तीनदा विझली. वरच्या फळीवर ठेवली की मात्र छान जळते. खाली एवढा वारा कुठून येतो, तेच समजत नाही. उद्या-परवा जेवणाच्या बाटल्या निवडायला बसायचंय, तेव्हा भिंतीला फट आहे का ते शोधीन.

मला भीती वाटते, आत्या. कशाची ते सांगता येत नाही, म्हणून जास्त.

ओढ असू दे.
तुझी
टिटवी


ता. १५ ऑक्टोबर, दुपार

चि. टिटवीस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

तुझं पत्र आता साडेअकराला आलं. मेणबत्तीपर्यंत वाचलं आणि पत्र हातात घेऊनच उठले. अगं वेडे, तो वारा नाही. वाऱ्याने ज्योत हलते, अशी विझत नाही. तो सिलिंडर गळतोय. बाटलीतली हवा हुसकावणारा गॅस कोठीतलीही हुसकावणारच. तो जड असतो, खाली साचतो, आणि तू तिथेच तोंड खाली घालून बसतेस.

तशीच चपला न घालता शेजारच्या शिंप्याकडे गेले. त्याने तुमच्या हॉटेलात फोन लावला. मी समोर उभी राहून त्याचं तोंड बघत होते. मॅनेजर म्हणाला, ती कोठीत आहे, वर आली की निरोप देतो. मी शिंप्याला पुन्हा फोन लावायला लावला आणि स्वयंपाकघर मागायला सांगितलं. आचारी आला. शिंप्याने सगळं सांगितलं. मग शिंपी नुसताच रिसीव्हर धरून उभा. म्हणाला, पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आता कोणीच बोलत नाही.

त्याला पाऊण तास झाला. शिंपी तिथेच फोनपाशी बसलाय. मला घरात बसवेना आणि त्याच्याकडेही बसवेना, म्हणून लिहिते आहे. हे पत्र तुला मिळेल ना?

दार ओढून घे, असं मीच लिहिलं होतं. दोनदा अधोरेखित मीच केलं होतं. आणि आणखी एक. मी खोटं लिहिलं. दादाचंही चक्करेनेच सुरू झालं. तेव्हापासून मी तुझ्या प्रत्येक ठेचकाळण्यात तेच शोधत आले. त्याच भीतीपायी तुला आठ तारखेच्या पत्रातच शहाणपणाचं काही सांगू शकले नाही. नुसते प्रश्न विचारत बसले.

शिंपी हाक मारतोय. हात हलवतोय. जाते.

आत्या


ता. २९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शिंपीकाकांच्या तोंडून तुला बरंचसं कळलंच आहे, पण माझ्या हाताने लिहिल्याशिवाय तुझा विश्वास बसणार नाही.

त्या दिवशी मला एवढंच आठवतं की बाटल्या मोजत होते आणि आठानंतर काय येतं ते सुचेना. उठून दाराकडे जावं असं मनात आलं, पण पाय कोणा दुसरीचे असल्यासारखे. मग काही नाही. आचारीबुवांनी हातातली कढई टाकली आणि दोन जिने उतरून आले. श्वास रोखून आत शिरले, माझे पाय धरून त्यांनी मला पोत्यासारखं ओढत बाहेर काढलं. जिन्याच्या पायरीवर शुद्ध आली, तेव्हा ते माझ्यावर ओरडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मॅनेजरसाहेब वरच्या पायरीवर पांढरेफटक. अठरा तारखेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सिलिंडर त्यांनी स्वतः अंगणात नेला. त्याच्या तोटीतला वायसर झिजला होता, एवढंच.

दवाखान्यात तीन दिवस होते. डॉक्टरीणबाईंना मी बाबांचं सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं, आणि म्हणाल्या की तसलं काही नाही. दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाल्या. तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तू ते पत्र वाचून उठलीस, म्हणून मी हे लिहिते आहे. आणि आता आपण दोघींनी खोटं लिहायचं नाही, म्हणून हेही सांगते: अजून मी खिडकी लावून झोपू शकत नाही.

कोठीत आता हवा खेचणारा पंखा बसवलाय, आणि गुडघ्याच्या उंचीवर एक डबी, हवा बिघडली की किंचाळणारी. उघडलेल्या बाटल्या वर फ्रिजमध्ये, बूच लावून उभ्या, तीन दिवस, तुझ्या पद्धतीने. मॅनेजरसाहेब म्हणाले की मला वर हिशेबाच्या टेबलाशी बसवतील. मी विचार करायला आठ दिवस मागितले.

काल आठवा दिवस होता. आचारीबुवांनी दार पाठीने अडवून धरलं. मी आत गेले. खालच्या फळीशी बसले, एक श्वास घेतला, मग दुसरा, मग पुढचे मोजलेच नाहीत. उठून बाहेर आले. आचारीबुवांनी माझ्या हातांकडे बघून विचारलं की काय आणलंस. काहीच आणलं नव्हतं. मी फक्त बाहेर यायला आत गेले होते.

इथे सगळे तुला नमस्कार सांगतात. माया आहे तेवढीच राहू दे, त्याहून जास्त मला पेलणार नाही.
तुझी
टिटवी