टायरला गोधडी

आबा,

आज शनिवार आहे. तुमच्या दुकानात आत्ता एकही गिऱ्हाईक नाही, तरी आवाज असा चाललाय की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं इथे मारामारी जुंपली. घाबरू नका. टीव्हीवर मोटारींच्या शर्यतीचं क्वालिफाइंग लागलंय. खरी शर्यत उद्या, रविवारी. आज फक्त कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरतं. सगळं जग रविवार बघतं, आपली मंडळी मात्र शनिवार सोडत नाहीत, कारण शनिवारी भांडायला जास्त मिळतं. तुम्ही गेलात तेव्हा दुकानात रेडिओ होता आणि त्यावर तुम्ही बाजारभाव ऐकायचात. आता हा भिंतभर टीव्ही आहे. पैसे माझे नाहीत, शेजारच्या शेठजींचे आहेत, तेव्हा लगेच कपाळाला आठ्या घालू नका.

शेठजी म्हणजे हार्डवेअरवाल्यांचा धाकटा. आपल्या जुन्या ट्यूबमध्ये बसून उतारावरून घसरायचा आणि गुडघे फोडून घ्यायचा, तोच. आता त्याला सगळे शेठजी म्हणतात, पोटही अगदी वडिलांसारखं झालंय. दुसरे आपले नाना. तुम्ही त्यांना टायर खोलायला ठेवलं तेव्हा त्यांची मिशी काळी होती, आता पांढरीशुभ्र आहे, पण पान्याला हात घालायचा तर अजून कुणाला पुढे येऊ देत नाहीत. नानांना इंग्रजी समालोचन कळत नाही आणि शेठजींना कळतं असं फक्त शेठजींना वाटतं. गेल्या महिन्यापर्यंत माझी पोरगी मध्ये बसून दोघांना समजावायची. ती तुम्ही बघितली नाहीत. तुमच्यानंतर झाली, आणि रंगाने, नाकाने, हट्टाने तुमच्यावर गेली.

आबा, तिथे टायरचे नियम असे आहेत की तुम्ही ऐकले असते तर चहाचा कप खाली ठेवला असता. मऊ टायर, मधला, कडक, असे तीन प्रकार, ओळखायला कडेला लाल, पिवळा, पांढरा पट्टा. शर्यतीत कमीत कमी दोन प्रकार वापरायचेच. म्हणजे टायर चांगला धडधाकट असला तरी मध्येच थांबून बदलायची सक्ती! आणि पाऊस पडला की ही सक्ती माफ. शेठजी दर खेपेला पेटतो. "अक्का, मी गिऱ्हाइकाला सांगितलं की तुझा नळ चांगला आहे, तरी दुसरा बसवलाच पाहिजे, तर तो मला नळासकट फेकून देईल!" मी म्हणते, अरे, असा नियम जळगावात येऊ दे, मी सोन्याच्या बांगड्या करते. पूर्वी अजून एक नियम होता. पहिल्या दहांत येणाऱ्यांनी ज्या टायरवर क्वालिफाइंगची वेळ काढली, त्याच टायरवर शर्यत सुरू करायची, आणि मागच्यांना मात्र नवे घालायला मोकळीक. तो काढून टाकून काही वर्षं झाली, पण शेठजीचा राग अजून गेलेला नाही. हुशार पोरालाच शिक्षा, म्हणतो. नाना म्हणतात, ज्याच्यावर कमावलं त्याच्यावरच धावावं, त्यात काय वाईट. यावर दोघं एकदा पूर्ण आठवडा बोलत नव्हते, आणि निरोप पोचवायला मी.

पहिल्यांदा नानांनी टीव्हीवर बघितलं की शर्यतीआधी ते लोक टायर गरम ठेवायला विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळतात, तेव्हा ते खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले. "हाई काय शे? टायरले गोधडी? त्याले हिव वाजस का?" आम्ही पोट धरून हसलो. पोरीने समजावलं की गरम टायर रस्त्याला चांगला चिकटतो. मला मात्र हसता हसता तो मे महिना आठवला. मी नववीची परीक्षा देऊन घरी आहे. आई गच्चीवर खाटा टाकून ज्वारीच्या बिबड्या, आपले खानदेशी पापड, वाळत घालतेय, खाली दुकानात मी एकटीच मोठी मालकीण. नवे टायर आलेत, त्यांच्यावर धूळ आहे. मी ते एकेक धुते, पुसते आणि वाळावेत म्हणून दुकानासमोर उन्हात रांगेने मांडून ठेवते. केवढी हौस! तुम्ही फैजपूरहून येताय, तिथल्या केळीवाल्याच्या ट्रकचं काम करून, घामाने निथळत. फटफटीवरून उतरायच्या आधीच ओरडता, "टायर काय बिबड्या आहेत का, उन्हात वाळवायला?" गल्लीभर ऐकू गेलं. गच्चीवरून आई हसली, त्याचा मला जास्त राग आला. मग तुम्ही पोती भिजवलीत, टायर सावलीत घेतलेत आणि माझ्याच हाताने त्यांच्यावर ओली पोती घालून घेतलीत. जळगावच्या उन्हात टायरला ओलं बारदान, हा आपल्या दुकानाचा रिवाजच होता.

बारावी झाल्यावर आत्याने मला अंगठी दिली, मामाने घड्याळ दिलं आणि तुम्ही दिलात हवा मोजायचा गेज. पितळी, बोटाएवढा. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणालात, "सकाळी बघायची हवा, टायर थंड असताना. तापलेला टायर खोटं बोलतो." भाऊबंद नाकं मुरडत होते, पोरीला टायरच्या दुकानात बसवतो म्हणून. तुम्ही गल्ल्यावरची तुमची खुर्ची माझ्याकडे सरकवलीत आणि स्वतः स्टुलावर बसलात. तो गेज अजून माझ्या पर्समध्ये असतो, पावडरच्या डबीशेजारी.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई पाल्हाळ फार लावते. पोरगी मोटारसायकलच्या शर्यतीत उतरते. मातीच्या ट्रॅकवर. कॉलेजात असताना सुरू केलं, मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. तर यंदा म्हणाली, पुण्याला एका टीमने विचारलंय, वर्षभर त्यांच्याकडे राहून शिकायचं, शर्यती खेळायच्या. आपण टायरवाले आहोत, आबा. फुटलेल्या टायरच्या गाड्यांचं काय होतं ते आपण रस्त्याकडेला किती वेळा बघितलंय. तुमच्या जावयांनी तर हात वर केले, तुम्ही मायलेकी बघून घ्या म्हणाले. मग मी अट घातली. एप्रिलमध्ये धुळ्याला शर्यत आहे. तिथे फायनलला लागलीस तर जा पुण्याला, नाही लागलीस तर निमूट दुकानात बसायचं. ती लगेच हो म्हणाली. मलाही बरं वाटलं, कारण राज्यभरातून पोरं येणार होती, ही कसली लागतेय फायनलला!

तर आम्ही सगळे धुळ्याला. शहराबाहेरचं मोकळं माळरान, मुरुमाचा ट्रॅक, आणि ऊन तर असं की डोळे उघडवेनात. आयोजकांनी नियम केलेला, क्वालिफाइंगला जी टायरची जोडी लावाल त्याच जोडीवर फायनल. सकाळीच टायरवर ऑइल पेंटने पांढरी खूण मारून गेले. बदलायची नाही म्हणजे नाही. शेठजी तिथेच खवळला, "हा तर आमचा टीव्हीवरचा काढून टाकलेला नियम! धुळ्याला आत्ता पोचला का?" प्रत्येकाला एकेकट्याने दोनदा ट्रॅकवर सोडायचं, त्यातली चांगली वेळ धरायची. मी मनाशी ठरवलेलं, आपण मध्ये पडायचं नाही. पडले असते तर कुणाच्या बाजूने, तेच कळत नव्हतं. म्हणून लांब लिंबाच्या सावलीत जाऊन बसले.

पहिल्या खेपेला पोरगी सुटली आणि पहिल्याच वळणावर गाडी साबणावरून गेल्यासारखी घसरली. पडली नाही, पाय टेकून सावरली, पण वेळ गेली ती गेलीच. माझी अट मीच जिंकत होते. आत कुठेतरी म्हणत होते, चला, सुटलो, येईल आता घरी. मग ती हेल्मेट काढून उभी राहिली. रडली नाही. हनुवटी वर करून ट्रॅककडे बघत राहिली, बँकेने कर्ज नाकारलं त्या दिवशी तुम्ही रस्त्याकडे बघत उभे होतात तशी. मला काही तिथे बसवेना. उठले आणि गाडीजवळ गेले, तर काय बघते? शेठजीने आणि तिच्या मित्रांनी गाडी भर उन्हात उभी केलीय आणि दोन्ही टायरना गोधडी गुंडाळलीय. वर सुतळीने आवळलीय. आत गरम पाण्याच्या रबरी पिशव्या! पहिल्या खेपेआधीही हेच केलं होतं म्हणे. आणि गोधडी कुणाची? नानांची! प्रवासात अंथरायला आणलेली, त्यांनीच काढून दिली. हिव वाजस का म्हणणारे नाना, टीव्ही बघून बघून तेही बिघडले.

"टायर काय बिबड्या आहेत का, उन्हात वाळवायला?"

आबा, हे मी बोलले. माझ्याच तोंडून निघालं, पण आवाज तुमचा होता. आजूबाजूची दोन-तीन टीमची पोरं वळून बघायला लागली. शेठजी म्हणाला, "अक्का, टीव्हीवर तर..." मी म्हटलं, "टीव्हीवाले थंड देशात गुंडाळतात, आपण एप्रिलात धुळ्यात आहोत! पाणी आणा!" सुतळ्या सोडल्या. टायरला हात लावला तर चटका बसला, हवा फुगून दगडासारखा झालेला. एक मित्र हवा सोडायला वाकला, त्याचा हात झटकला. तापलेला टायर खोटं बोलतो. चहाच्या टपरीवाल्याकडून साखरेची दोन रिकामी पोती मागून आणली, पिण्याच्या पाण्याच्या जारमध्ये बुचकळली आणि गाडी सावलीत घेऊन टायरवर टाकली. शेठजीला एका बाजूला पुठ्ठ्याने वारा घालायला लावलं, नानांना दुसऱ्या. नाना मान खाली घालून वारा घालत होते आणि कुणी काही सुचवायला लागला की दटावत होते, "आते बठ्ठा चूप ऱ्हा!" टायर निवल्यावर मी पर्समधून गेज काढला, हवा बघितली, मुरुमाच्या मानाने थोडी कमी केली. पोरगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?" मी म्हटलं, "हेल्मेट घाल गुपचूप."

दुसऱ्या खेपेला तेच वळण आलं आणि गाडी जमिनीला धरून गेली. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, शेठजी म्हणतो सांगण्यासारखं नाही. पोर आली म्हणून नाना रुमाल फिरवत नाचत होते, "उनी रे पोर, उनी!" फायनलला जाणाऱ्यांची नावं पुकारली तेव्हा सगळ्यात शेवटचं नाव तिचं. मी त्या पोरीला असं धरलं की ती म्हणाली, आई, बरगड्या. फायनलमध्ये टायर झिजलेलेच, पुढच्यांनी धूळ चारली, आणि ती शेवटून दुसरी आली. मग काय, धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत घरी पोचेपर्यंत गाडीत एकच भांडण, नवे टायर घालू दिले असते तर ती कितवी आली असती. एरंडोलला शेवभाजी खायला थांबलो, तर शेठजी वेटरला पण नियम समजावत होता.

गेल्या महिन्यात ती पुण्याला गेली. मला भीती वाटते, आबा, रोज वाटते, सकाळी तिचा फोन येईपर्यंत चहाचा कप तसाच राहतो. पण अट माझी होती, आणि पोरीने ती जिंकावी म्हणून मीच पाणी शिंपडलं. जाताना तिने तुमचा गेज मागितला. मी दिला नाही. नवा घेऊन दिला, चांगला महागाचा, घड्याळासारखी तबकडी असलेला. तुमचा माझ्याचकडे राहणार, माझ्यानंतर काय ते तिने बघावं. टीमने परवा तिच्या सरावाचा व्हिडिओ पाठवला, तो शेठजीने या मोठ्या टीव्हीवर लावला. सगळे उभे राहून बघत होते आणि मला एकदम दिसलं की दुकानात फक्त एका माणसाला तो दिसत नाहीये.

तुमचा फोटो टीव्हीच्या बरोब्बर वर होता. आम्ही सगळे तुमच्याकडे तोंड करून बसणार, आणि तुम्हाला मात्र आमची तोंडं. दुसऱ्याच दिवशी मी नानांना स्टूल धरायला लावून फोटो समोरच्या भिंतीवर हलवला. आता तुम्ही खुर्च्यांच्या मागे आहात, थोडे उंचावर, सगळा पडदा दिसेल असे. हे पत्र तुमच्या जुन्या खुर्चीच्या गादीखाली सरकवून ठेवते, वाचायला तुम्ही येणार नाही हे मला कळतं. फोटो का हलवला म्हणून शेठजीने विचारलं, तर मी सांगितलं, त्या भिंतीला ओल आलीय. जळगावात, भर उन्हाळ्यात, ओल. त्याने भिंतीकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, "हो, आलीय खरी," म्हणाला आणि आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली, तुमच्या आड येऊ नये म्हणून.